निळा झेंडा ठेवा, हुकूम काढा

प्रति,
माननीय सदस्य,
जागतिक मोटरस्पोर्ट परिषद, एफआयए

विषय : एक फेरी मागे पडलेल्या गाडीवर असलेली वाट सोडण्याची सक्ती

स.न.वि.वि.

फॉर्म्युला वनची कुठलीही शर्यत लावा, निम्मी सरत आली की हा प्रकार सुरू होतो. पहिल्या क्रमांकाची गाडी सतराव्या गाडीला एक फेरी मागे टाकायला येते. अंतर तीन सेकंदांवर आलं की सतराव्याच्या संघाला आगाऊ इशारा जातो. १.२ सेकंदांवर आलं की ट्रॅकच्या कडेचे निळे दिवे चमकू लागतात, मार्शल निळा झेंडा हलवतो आणि इंजिनिअर कानाशी तेच तेच सांगत राहतो. मग सतरावा चालक ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो, कडेला सरकतो आणि पहिला निघून जातो. समालोचक त्यावर अवाक्षर काढत नाहीत. काढणार तरी काय, घडलेलंच काही नसतं.

आपला नियम म्हणतो, मिळेल त्या पहिल्या संधीला वाट द्या, नाहीतर शिक्षा घ्या. माझी मागणी छोटी आहे. झेंडा राहू द्या, पण मागून वेगवान गाडी येतेय एवढंच त्याने सांगावं. बाजूला होण्याची सक्ती काढा आणि तिच्या जागी एकच बंधन घाला : एक फेरी मागे असलेल्या चालकाने आपली रेषा आणि आपला वेग धरून ठेवायचा, मागच्याला अडवण्यासाठी गाडी आडवी घालायची नाही. पुढे कुठून आणि कसं जायचं, ते मागून येणाऱ्याने बघावं. तो विजेता व्हायला निघालाय, एवढं त्याला जमायला हवं.

ही सक्ती कुणाला फारशी महागात पडत नाही असा समज आहे. हळू गाडी तशीही हळूच, तिचं काय बिघडणार? बिघडतं ते असं. ज्या पट्ट्यावरून सगळ्या गाड्या जातात तेवढाच पट्टा स्वच्छ असतो. त्याच्या बाहेर टायरांच्या झिजलेल्या रबराचे बारके गोळे पसरलेले असतात, त्यांना मार्बल्स म्हणतात. बाजूला झालेल्या गाडीचे तापलेले टायर हे गोळे उचलतात आणि पुढच्या दोन-तीन वळणांवर पकडच मिळत नाही. वेग तोडल्यामुळे टायर गार होतात ते वेगळंच. शिवाय आघाडीच्या गाड्या एकट्यादुकट्या येत नाहीत, पाठोपाठ चार येतात. एकाला वाट देऊन चालक सावरतो न सावरतो तोच पुन्हा निळा दिवा.

आता अकराव्या क्रमांकाचा चालक डोळ्यांसमोर आणा. दहाव्याला एक गुण मिळतो, अकराव्याला काही नाही. वर्षाच्या शेवटी संघांच्या यादीत एक पायरी वर की खाली, बक्षिसाचा वाटा किती, हे तळाच्या संघासाठी अशाच एकेका गुणावर ठरतं. या अकराव्याने फेऱ्यामागून फेऱ्या घासून दहाव्याचं अंतर एका सेकंदाच्या आत आणलंय. तेवढ्यात मागून आघाडीचे दोघे येतात. अकराव्याला वळणांच्या मालिकेच्या तोंडाशीच बाजूला व्हावं लागतं. दहाव्याला मात्र ते दोघे पुढच्या लांब सरळ रस्त्यावर गाठतात, तिथे वाट देण्यात त्याचं जवळजवळ काहीच जात नाही. दोघांमधली दरी बघता बघता तीन सेकंदांची होते. त्या लढतीशी ज्यांचा सुतराम संबंध नाही त्यांनी तिचा निकाल लावला, आणि तोही आपल्या नियमाच्या बळावर. टीव्हीवर हे दिसतही नाही, कारण कॅमेरा आघाडीच्या गाडीबरोबर केव्हाच पुढे गेलेला असतो.

तळाची लढत ही लढतच नव्हे, असा एक सूर या खेळात फार पूर्वीपासून आहे. २००१ साली मोनॅकोत डेव्हिड कूल्टहार्डने पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, मिळवली होती, पण शर्यतीआधीच्या फॉर्मेशन लॅपलाच त्याची मॅक्लारेन जागची हलेना आणि त्याला सगळ्यांच्या मागून सुरुवात करावी लागली. मग तीसहून अधिक फेऱ्या तो एन्रिके बर्नोल्डीच्या ॲरोजमागे अडकून पडला. बर्नोल्डी एक फेरी मागे नव्हता, तो स्वतःच्या क्रमांकासाठी लढत होता, निळ्या झेंड्याचा प्रश्नच नव्हता. तरीही शर्यत संपल्यावर मॅक्लारेनचे प्रमुख रॉन डेनिस त्याला फैलावर घ्यायला गेले. नियम त्या पोराच्या बाजूने होता, पण मोठ्या संघाच्या मनात नियम वेगळाच होता : आम्ही आलो की सरका. नियमाने सतत सरकायला लावलं की अशी सवय लागतेच.

पण माझा मुख्य मुद्दा मानापमानाचा नाही. सुरक्षेचा आहे, कारण या सक्तीच्या समर्थनार्थ तेच कारण पुढे केलं जातं. हळू गाडी बाजूला झाली की धोका टळतो, असं म्हणतात. या खेळातले गाजलेले अपघात आठवून बघा.

मॉन्झा, १९८८. त्या वर्षीच्या १६ शर्यतींपैकी १५ मॅक्लारेनने जिंकल्या, हुकली ती ही एकच. दोन फेऱ्या राहिल्या असताना आयर्टन सेना आघाडीवर होता आणि पहिल्या शिकेनपाशी, म्हणजे वेग तोडायला लावणाऱ्या जोडवळणापाशी, त्याने जाँ-लुई श्लेसरला गाठलं. कांजिण्या झालेल्या नायजेल मॅन्सेलच्या जागी श्लेसर विल्यम्स चालवत होता. त्याने सेनाला अडवलं नाही. उलट जागा द्यायला गेला, घाण बाजूला त्याची चाकं जाम झाली, गाडी भरकटली, त्याने ती कशीबशी परत ट्रॅकवर आणली. सेना समजून चालला होता की हा बाहेरच गेला. पुढच्या क्षणी दोघे एकमेकांवर आदळले. एन्झो फेरारी यांच्या निधनाला महिनाही झाला नव्हता आणि इटलीत फेरारीने पहिले दोन क्रमांक पटकावले. इटालियन प्रेक्षकांना दैवी संकेत वाटला असेल. मला त्यात वाट देण्याच्या धडपडीत फसलेला एक चालक दिसतो.

स्पा, १९९८. धो धो पाऊस, मायकेल शूमाकर आघाडीवर, समोर एक फेरी मागे असलेला कूल्टहार्ड. शूमाकरला जाऊ दे, असं संघाने त्याला रेडिओवर सांगितलं होतं. कूल्टहार्डने वेग कमी केला, पण रेसिंग लाईन, म्हणजे सगळ्या गाड्या जातात तो पट्टा, सोडली नाही. पाण्याच्या फवाऱ्यात शूमाकरला ते दिसणार कसं? तो थेट मागून धडकला, पुढचं चाक निखळलं, तीन चाकांवर पिटमध्ये आला आणि तावातावाने मॅक्लारेनच्या गराजकडे निघाला. तिथली झटापट सगळ्यांनी पाहिली आहे. कूल्टहार्डने आपला नेहमीचा वेग ठेवला असता तर शूमाकर काही फेऱ्या वैतागला असता, इतकंच.

इंटरलागोस, २००१. कारकिर्दीतल्या तिसऱ्याच शर्यतीत हुआन पाब्लो मोंतोया आघाडीवर होता. जोस वर्स्टॅपनला त्याने नुकतंच एक फेरी मागे टाकलं होतं. पुढच्या ब्रेकिंगला वर्स्टॅपनची ॲरोज मागून येऊन त्याच्यावर आदळली. वाट देऊन झाली होती, अपघात त्यानंतर झाला.

आणि सेपांग, २०१२. सेबास्टियन वेटेल चौथ्या क्रमांकावर होता. नारायण कार्तिकेयनला ओलांडून आपल्या रेषेवर परत येताना त्याचं मागचं चाक नारायणच्या पुढच्या पंखाला लागलं, टायर फुटला आणि वेटेल अकरावा आला. त्याने जर्मन टीव्हीशी बोलताना नारायणला काकडीची उपमा दिली, जर्मनमध्ये ती शिवीच. स्टुअर्डनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, २० सेकंदांची शिक्षा ठोठावली ती नारायणला. मी ती फीत पुन्हा पुन्हा पाहिली आहे. नारायणने वेटेलला अडवल्याचं मला त्यात दिसत नाही. ओलांडणाऱ्याने पुरेशी जागा सोडली का, हा प्रश्न तिथे विचारायला हवा होता. पण मूळ नियमच असा आहे की हळू गाडी दिसली की आरोपी ठरलेला.

चारही प्रसंगांत कुणी वाट अडवून बसलं म्हणून अपघात झाला नाही. वाट देताना, दिल्यावर, किंवा देतोय की नाही हे न कळल्यामुळे झाला. ताशी ३०० किलोमीटरच्या वेगात समोरची गाडी हळू असणं हा मोठा धोका नाही. ती पुढच्या क्षणी काय करेल हे न कळणं हा धोका आहे, आणि वाट देण्याची सक्ती नेमकी तीच अनिश्चितता वाढवते. तो डावीकडे सरकेल की उजवीकडे? आत्ता पाय काढेल की वळणानंतर? दोन्ही चालक एकमेकांच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधत असतात. हळू गाडी आपल्या नेहमीच्या रेषेवर राहणार हे पक्कं असेल, तर अंदाज एकालाच बांधावा लागतो, आणि तो मागे असल्यामुळे त्याला सगळं दिसत असतं.

मी सोयीचे तेवढेच दाखले निवडले असं आपण म्हणाल. ठीक आहे, फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीकडे येऊ. तिथे वेगवेगळ्या वर्गांच्या गाड्या एकत्र धावतात आणि निळा झेंडा मुख्यतः माहितीपुरता असतो. हळू गाडीने रेषा धरायची, वेगवान गाडीने वाट काढायची. २०११ साली तिथे ऑडीच्या तीन गाड्यांपैकी दोन हळू वर्गातल्या फेरारींशी झालेल्या टकरीत भुगा झाल्या. ॲलन मॅकनिश पहिल्याच तासात आणि माइक रॉकेनफेलर रात्री. दोघे चालत बाहेर आले हे नशीब. पुढच्याच वर्षी अँथनी डेव्हिडसनची टोयोटा एका फेरारीला लागून हवेत उडाली आणि त्याच्या पाठीचे मणके मोडले. तेव्हा माझ्या पद्धतीत अपघातच होणार नाहीत असा दावा मी करत नाही. पण ल मांमध्ये वर्गा-वर्गांतला वेगाचा फरक अवाढव्य असतो, अंधार असतो आणि हौशी चालकही असतात. फॉर्म्युला वनमध्ये पहिल्या आणि शेवटच्या गाडीत फेरीमागे दोन-तीन सेकंदांचा फरक असतो आणि शेवटचा चालकही जगातल्या निवडक वीस-बावीस जणांपैकी असतो. तो आरसे बघतो. त्याला एखाद्या अडथळ्यासारखं वागवायचं काहीच कारण नाही.

आता या सक्तीमुळे आपण काय गमावतो तेही सांगतो. त्याच २०१२ सालच्या नोव्हेंबरात ऑस्टिनला पहिल्यांदा शर्यत झाली. वेटेल पुढे, लुईस हॅमिल्टन त्याच्या मानगुटीवर, आणि दोघांमध्ये तसा काहीच फरक नाही. ४२व्या फेरीत वळणांच्या भागात वेटेलला पुन्हा नारायणच आडवा आला, त्याचा वेग क्षणभर मोडला, पुढच्या लांब सरळ रस्त्यावर हॅमिल्टन बाजूने निघाला आणि शर्यत जिंकला. वेटेल रेडिओवर करवादला. पण ती शर्यत पाहिलेल्या कुणालाही विचारा, आठवते ती हीच एक फेरी. दोन तोडीस तोड चालकांमधला तिढा सोडवायला रहदारीइतकं प्रामाणिक साधन नाही, कारण ती दोघांच्याही वाट्याला येते. वेटेलच्या वाट्याला वाईट वळणावर आली. पुढच्या शर्यतीत हॅमिल्टनच्या येईल.

रहदारीतून वाट काढणं ही एके काळी चालकाची पारख मानली जायची. १९९३ साली डॉनिंग्टनच्या पावसात सेनाने दुसऱ्या आलेल्या डेमन हिलखेरीज सगळ्यांना, अगदी तिसऱ्या आलेल्या ॲलेन प्रोस्टलाही, एक फेरी मागे टाकलं. समोरच्याचा अंदाज घेऊन कुठल्या वळणाला आत घुसायचं, कुठे अर्धा सेकंद थांबून सरळ रस्त्याची वाट बघायची, हे सेनाला ज्या सफाईने जमायचं ते बघणं हाच एक सोहळा होता. आज हे कौशल्य कुणात किती आहे हे आम्हाला कळतच नाही. मॅक्स वर्स्टॅपनसाठीही दिवे लागतात, आणि रहदारी दिसली की गोंधळणाऱ्यासाठीही तेच दिवे लागतात.

अमेरिकेच्या इंडीकार मालिकेत आघाडीच्या फेरीत टिकून राहायला धडपडणाऱ्या गाडीला असं सक्तीने बाजूला व्हावं लागत नाही. २०२५च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये शेवटच्या पंधराएक फेऱ्या उरल्या असताना ॲलेक्स पालोऊने मार्कस एरिक्सनला मागे टाकलं आणि पुढच्या हळू गाड्यांच्या मागे, त्यांनी फोडलेल्या हवेत आपली गाडी ठेवून शर्यत मारली. एरिक्सनला त्याच्या जवळ फिरकता आलं नाही. त्यावर बरीच कुरकुर झाली, हळू गाड्यांनी शेवट नासवला वगैरे. मला तो शेवट फार आवडला. पालोऊने हळू गाड्यांना शिव्या घालण्याऐवजी त्यांचा उपयोग करून घेतला.

आक्षेपांकडे येतो. सगळ्यात वजनदार आक्षेप हवेचा आहे. पुढच्या गाडीने घुसळलेल्या हवेत मागच्या गाडीचा डाउनफोर्स, म्हणजे तिला ट्रॅकवर दाबून धरणारा हवेचा जोर, जातो, त्यामुळे हळू गाडीमागेही वेगवान गाडी अडकेल. हे खरं आहे. पण २०२२च्या गाड्या आणताना जे आकडे जाहीर झाले ते आपल्याला आठवत असतीलच : जुनी गाडी १० मीटर मागे असताना ४६ टक्के डाउनफोर्स गमावत होती, नव्या रचनेत हे प्रमाण १८ टक्क्यांवर येणार होतं. पुढे संघांच्या करामतींनी हवा पुन्हा बिघडली हेही आम्ही पाहिलं. म्हणून २०२६ साठी नवीन गाड्या आल्या, १० सेंटिमीटरने अरुंद, आखूड आणि हलक्या. एवढा सगळा खटाटोप मागून येणाऱ्याला पुढे जाता यावं म्हणूनच ना? मग दोन सेकंद हळू असलेल्या गाडीलाही त्याला मागे टाकता येणार नाही असं धरून नियम का ठेवायचा? शिवाय डीआरएस, म्हणजे वेग वाढवायला मागचा पंख उघडण्याची सोय, होतं तोवर, एक फेरी मागच्या गाडीच्या सेकंदभर मागे असलेल्या नेत्यालाही तो पंख उघडता येत होता. म्हणजे बिचारा नेता अगदीच निःशस्त्र होता असंही नाही.

दुसरा आक्षेप संगनमताचा, आणि हा मला जास्त छळतो. १९९७ला हेरेसच्या निर्णायक शर्यतीत फेरारीचं इंजिन वापरणाऱ्या सॉबरचा नॉर्बेर्तो फोंताना फेरारीच्या शूमाकरचा प्रतिस्पर्धी जॅक व्हिलनव्हच्या आडवा आला होता. हे वरून सांगण्यात आलं होतं असा दावा फोंतानाने पुढे अनेक वर्षांनी केला. तो सिद्ध झाला नाही, पण शंका राहिलीच. २०२४ला सिंगापूरमध्ये रेड बुलच्या धाकट्या संघातल्या डॅनियल रिकार्डोने शेवटी शर्यतीतली सर्वात वेगवान फेरी मारली आणि तिच्यासाठी तेव्हा मिळणारा एक गुण रेड बुलच्या मॅक्स वर्स्टॅपनचा प्रतिस्पर्धी लँडो नॉरिसच्या हातून गेला. ते नियमात बसत होतं, तरी भुवया उंचावल्याच. सक्ती काढली तर अशा संगनमताला रान मोकळं मिळेल, ही भीती रास्त आहे.

पण आजची सक्ती तरी त्याला कुठे रोखते? "मिळेल ती पहिली संधी" हे शब्द रबरी आहेत. एका गाडीला वळणाआधी सोडायचं, दुसरीला वळणानंतर. कुणी विचारलं तर म्हणायचं, तिथे जागा नव्हती. दीड सेकंद इकडचा तिकडे, आणि पुरावा काही नाही. रेषा आणि वेग धरून ठेवण्याचा नियम मात्र मोजता येतो. प्रत्येक गाडी ट्रॅकवर कुठे आहे, थ्रॉटल किती, ब्रेक किती, सगळं आपल्याकडे क्षणाक्षणाला नोंदलं जातं. चालकाच्या आधीच्या पाच फेऱ्या आणि ही फेरी शेजारी शेजारी ठेवली की कोण मुद्दाम रेंगाळला ते उघड होईल. एकाच मालकाचे दोन संघ असतील तर शिक्षा दुप्पट ठेवा, माझी हरकत नाही.

एस्तेबान ओकॉनचं २०१८चं उदाहरण कुणीतरी काढणारच, तर तेही मिटवून टाकतो. इंटरलागोसला आघाडीवरच्या मॅक्स वर्स्टॅपनला ओलांडून आपली गेलेली फेरी परत मिळवायला तो गेला, दोघे धडकले आणि हॅमिल्टन जिंकला. ओकॉनला पिटमध्ये येऊन १० सेकंद थांबण्याची, म्हणजे स्टॉप-गो, शिक्षा झाली. माझ्या प्रस्तावात ती तशीच राहील. तो रेषा धरून नव्हता, लढत होता.

मोनॅकोचं मात्र मी मान्य करतो. ३.३ किलोमीटरचा तो बोळ, तिथे समोरचा आपण होऊन हलला नाही तर मागचा ७८ फेऱ्या त्याच्या मागेच राहील. मोनॅकोत सक्ती ठेवा. एका ट्रॅकसाठी वेगळा नियम करायला आपल्याला जड जाऊ नये, २०२५ला तिथे दोन पिट स्टॉप बंधनकारक केलेच होते.

ग्रिड आता २२ गाड्यांचं झालंय. रहदारी वाढणार, निळे दिवे जास्त लुकलुकणार, म्हणून हे आत्ताच लिहितोय. लगेच सगळीकडे बदल करा असं म्हणत नाही. प्रयोग करून बघा, पण स्प्रिंट शर्यतीत नको. १०० किलोमीटरमध्ये कुणी फारसं लॅप होतच नाही, त्यामुळे "प्रयोग केला, काही फरक पडला नाही" असं म्हणून फाईल बंद होईल. तो इंटरलागोस आणि ऑस्ट्रियाच्या रेड बुल रिंगवर करा. दोन्हीकडे फेरी छोटी, ७१ फेऱ्यांची शर्यत, रहदारी भरपूर आणि ओलांडायला सरळ रस्तेही आहेत.

त्याआधी एक काम फुकटात होण्यासारखं आहे. मागच्या हंगामात प्रत्येक चालकाने वाट देताना किती सेकंद गमावले आणि त्यात किती लढती निकालात निघाल्या, हे आपल्याच नोंदींतून काढून जाहीर करा. आणि या विषयावर चालकांचं मत घेताना पोडियमवरच्या तिघांना विचारून थांबू नका. शर्यतीत पंधरा ते बावीस क्रमांकांवर जे असतात, त्यांनाही बैठकीला बोलवा आणि आधी त्यांना बोलू द्या.

उत्तराची वाट पाहतो.

कळावे,
आपला,
फॉर्म्युला वनचा एक प्रेक्षक